काठाबाहेरचा हात

लग्नाआधी माझी तीन लफडी होती, हे पूर्णा गावच्या पाहुण्यांनी भर दुपारी आमच्या ओटीवर बसून सिद्ध केलं. पुरावे आमच्या आईनेच पाठवले होते!

झालं असं. वळ गावात तेव्हा नवी नवी गोदामं उभी राहत होती आणि त्यातल्या एकात मला नोकरी लागली होती. लगेच पूर्ण्याचं स्थळ आलं. मुलगी मी एका हळदीत पाहिली होती आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांनी फोटो मागवले. रोलच्या कॅमेऱ्याने काढलेले माझे तीनच फोटो घरात होते आणि तिन्हींत शेजारी टायगर. (टायगर म्हणजे आमचा कुत्रा. काळाभोर, झुपकेदार शेपटीचा आणि मांजराला घाबरणारा.)

"कुत्र्यासंगं फोटो बगून लोकं काय बोलतील?" म्हणत आईने कात्री घेतली, टायगरला तिन्ही फोटोंतून कापून काढलं आणि तुकडे चुलीत घातले. उरलेला मी पूर्ण्याला रवाना झालो.

चार दिवसांनी मुलीचे मामा दोन जीपा भरून माणसं घेऊन हजर! होकार आला असं समजून आई चहा टाकायला वळली, तोच मामांनी पहिला फोटो माझ्या नाकासमोर धरला.

"काय रं, ह्यो हात कोनाच्या गल्यात हाय?"

मला धक्काच बसला. फोटोत मी दात काढून हसतोय आणि हात काठाबाहेर कुणाच्या तरी गळ्यात!

"कुत्र्याच्या," मी म्हणालो.

"आनि हिकरं?" इथे मी डोळे मिटून, ओठांचा चंबू करून काठापलीकडे कुणाची तरी पापी घेत होतो.

"तोच कुत्रा!"

तिसरा फोटो मामांनी बायकांकडे पाठ करून दाखवला. मी खाटेवर आडवा आणि माझ्या उघड्या छातीवर काळ्याभोर केसांचा झुपका!

"आता बोल! ह्ये केस पन कुत्र्याचं?"

"शेपूट हाय ती, मामा! आये, तू तरी सांग ना!"

आई ट्रे घेऊन दारात थिजली होती. "मी कापला तवा कुत्राच व्हता," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "व्हता ना रं?"

सख्ख्या आईचा हा प्रश्न! लग्न हातचं जात होतं. मी मागच्या दारी धावलो, टायगरला उचलून आणलं, सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात हात टाकला आणि ओठांचा चंबू केला. आणि आजवर ज्याने मला कधी नाही म्हटलं नव्हतं, त्या टायगरने तोंड फिरवलं!

"वलखत पन न्हाय तुला!" मामा ओरडले.

शेवटी मामांनीच त्याची शेपटी धरली आणि फोटोतल्या झुपक्याशी लावून पाहिली. जुळली. मग ओटीवर असा हशा पिकला की टायगर खाटेखाली शिरला. मामांनी चहा घेतला आणि जाताना एकट्याचा एक नीट फोटो मागितला. मी दुसऱ्याच दिवशी निजामपुऱ्यात स्टुडिओवाल्याचा कोट घालून तो काढला.

लग्न झालं. एकदा बायकोला विचारलं, "तुझ्या मामांना तीन लफडी दिसली, तरी तू तयार कशी झालीस?"

"फोटोत तुमी लय खूश दिसत व्हतात," ती म्हणाली. "मी बोल्ले, जी कोन असंल तिला मानूस जीव तरी लावतो."

मी सुखावलो. "आणि तो कोटातला?"

"तो पयला आला असता ना," ती म्हणाली, "तर मामांना जीपा काढायची गरजच पडली नसती. न्हाय म्हनून घरूनच कलवलं असतं."