वही उलटी केली की उन्हाळा

माझी मावशी एकोणीस वर्षं लोकांना वाळवंटातल्या एका जुन्या शहरात पाठवत होती आणि स्वतः एकदाही गेली नव्हती. हे सांगितलं की लोक "अरेरे" म्हणतात. काही गरज नाही. मावशी अरेरे प्रकारातली बाई नव्हे. तिनं सूड घेतला, आणि असा घेतला की आठवला की मला अजून दोन घास जास्त जातात.

ती एका सहल कंपनीत होती. औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत काचेखाली नकाशा दाबलेलं टेबल, ते मावशीचं. आतली पंख्याखालची खोली साहेबांची. त्या शहराची तीन दिवसांची सहल हा कंपनीचा हुकमी एक्का होता. कुठल्या गल्लीतून किती वाजता जायचं, किल्ल्यात कुठल्या दारानं शिरायचं, पाय दुखायला लागले की कुठे बसायचं, सगळं मावशी ठरवायची, आणि ठरवायची ती सावलीवरून. "उन्हात उभा केलेला माणूस राजवाडा बघत नाही, पाण्याची बाटली बघतो," असं तिचं म्हणणं.

न जाता तिला तिथली सावली कशी कळायची? तिची एक पद्धत होती. सहलीहून परतलेल्या प्रत्येकाला ती ऑफिसात चहाला बोलवायची. "मजा आली का?" असं कधी विचारायची नाही. "चार वाजता कुठे होतात? ऊन पाठीवर होतं की तोंडावर? बसलात तो दगड तापलेला होता का?" लोक आधी हसायचे, मग भरभरून सांगायचे. ते सगळं ती एका जाड वहीत लिहून घ्यायची, समासात सांगणाऱ्याचं नाव टाकून. हिवाळ्यात गेलेल्यांचं वहीच्या पुढून. उन्हाळ्यात तिकडे फारसं कुणी फिरकायचं नाही, त्या थोड्या लोकांचं वही उलटी करून मागून.

साहेब दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या खेपेला तुम्हीच." पहिली काही वर्षं आजी अंथरुणाला खिळलेली होती, तेव्हा मावशीच नाही म्हणायची. आजी गेल्यावर ती हो म्हणायला लागली आणि नेमकी तेव्हापासून बसमध्ये एक जागा कमी पडायला लागली.

गेल्या वर्षी साहेबांनी वही मागून घेतली. झेरॉक्स काढायची आहे म्हणाले. दोन महिन्यांनी पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर टोपी घातलेले साहेब, खाली ओळ: 'मी स्वतः पायी शोधलेली सावलीची वाट'. आत सगळी मावशीची वही. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात जाऊन आलेल्या. त्यांनी हिवाळ्यात गुडघे दुखतात म्हणून किल्ल्याच्या मागच्या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या होत्या. पुस्तकात साहेब लिहितात, 'गुडघे साथ देत नसतानाही मी येथे अडतीस पायऱ्या मोजल्या.' साहेबांचे गुडघे ठणठणीत. रोज बॅडमिंटन खेळतात.

शेवटच्या पानावर आभार होते. छापखान्याचे, पत्नीचे आणि 'कार्यालयातील सर्व कर्मचाऱ्यांचे'. कार्यालयात कर्मचारी एकच. एक प्रत मावशीपुढे ठेवून साहेब म्हणाले, "जरा शुद्धलेखन बघून ठेवा. पुढच्या आवृत्तीत घेऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी गप्प होती, कारण तिला एक वचन मिळालं होतं. पुस्तकाचं प्रकाशन त्याच शहरात होणार होतं, किल्ल्याखालच्या चौकात, वीस जुन्या गिऱ्हाइकांना घेऊन, आणि त्या बसमध्ये तिची जागा पक्की होती. तिनं कॅनव्हासचे बूटही आणले. घरात घालून फिरायची, सवय व्हावी म्हणून.

जायच्या तीन आठवडे आधी साहेबांनी ती जागा मेव्हणीला दिली. आणि प्रकाशन हिवाळ्यातून ढकलून ऐन उन्हाळ्यात नेलं, कारण तेव्हा हॉटेलं रिकामी असतात.

त्या संध्याकाळी मावशी घरी आली, ते नवे बूट परत खोक्यात ठेवले आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी. मी म्हटलं, "चल, मी त्यांच्या तोंडावर जाऊन बोलते."

"बोलून काय होणार? ते सॉरी म्हणतील. मला सॉरी नकोय."

"मग काय हवंय?"

तिनं पातेलं पालथं घातलं. "त्यांचं तोंड उतरलेलं बघायचंय मला. भर चौकात. वीस जणांसमोर."

मला ती तेव्हा फार आवडली, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावलं. प्रकाशनाचा कार्यक्रम टाइप करून हवा होता. "पुस्तकात आहे तस्सा. अक्षर बदलायचं नाही."

मावशी म्हणाली, "साहेब, महिना वेगळा आहे. वहीच्या मागच्या बाजूला..."

"मागचं पुढचं काही नाही. मी लिहिलंय ते बरोबर आहे. तुम्ही फक्त टाइप करा."

ती एकदा बोलली होती. दुसऱ्यांदा बोलायचं नाही, हे तिनं तिथंच ठरवलं. साहेबांनी झेरॉक्स काढताना वही उलटी केलीच नव्हती. पुस्तकात नुसता हिवाळा होता. त्यात लिहिलं होतं, 'सव्वाचार वाजता चौकाच्या पूर्वेकडील पायऱ्यांवर बसावे. पूर्ण सावली.' हिवाळ्यात ते खरंच. पण उन्हाळ्यात सव्वाचारला सूर्य बराच वर असतो, त्या पायऱ्या दुपारपासून तापत पडलेल्या असतात. सावली असते ती समोर, पश्चिमेच्या भिंतीला चिकटून, चार हात रुंदीची पट्टी. मागच्या पानावर तसं लिहिलेलं होतं.

मग आमची सहल ठरायला लागली. स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उलटी ठेवून मावशी आखायची आणि मी फोनवर तिकिटं बघायची. त्यांच्यानंतर एका दिवसानं निघायचं, प्रकाशनाच्या दिवशी सकाळी पोचायचं. मी सुचवलं की साहेबांचं हॉटेलच रद्द करू, बस चुकीच्या गावी पाठवू.

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं जणू मीच साहेब आहे. "त्या वीस जणांनी माझं काय वाकडं केलंय? माझ्याकडे चहा प्यायलेत ते." तिनं कार्यक्रमात साहेबांना न विचारता एकच ओळ घातली, प्रत्येकाला टोपी आणि दोन बाटल्या पाणी. "पायऱ्यांवर दोन मिनिटं बसतील आणि उठतील. तेवढा चटका मला पुरे."

रजेच्या अर्जात तिनं कारण लिहिलं, 'दात काढायचा आहे'. कुणाचा, हे अर्जात विचारत नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र तिला शंका आली. बॅग भरता भरता म्हणाली, "अगं, पण मागचं पान चुकलं असेल तर? एकाच बाईनं सांगितलंय ते. मी कुठे पाहिलंय?" तिनं तीच गोष्ट चार वेळा बोलून दाखवली. तिची सगळी अक्कल, एकोणीस वर्षांची, ऐकीव होती. सावली नसली तर वीस जणांसमोर हसं साहेबांचं नाही, तिचं होणार होतं.

गाडीनं पाच तास उशीर केला. शहरात शिरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. पिवळ्या दगडाची घरं, अरुंद गल्ल्या, वर आभाळाची चिंधी. मावशी पुढे चालत होती, वही न उघडता. "आता डावीकडे पाणपोई." पाणपोई उजवीकडे निघाली. तिचा चेहरा पडला.

चौक आला. सव्वाचारला दहा मिनिटं कमी. पूर्वेच्या पायऱ्या उन्हात पांढऱ्याफटक पडलेल्या, बघवत नव्हत्या. आणि पश्चिमेच्या भिंतीला चिकटून लांबलचक कट्टा, त्यावर सावली. मावशीनं ती हातानं मोजली. चार हात. मग तिनं दगडावर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला.

"गार आहे गं," ती म्हणाली.

सव्वाचारच्या ठोक्याला साहेब आले. मागे टोप्यांची रांग, शेवटी छत्री घेऊन मेव्हणी. साहेबांनी पुस्तकं वाटली, पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "बसा मंडळी. इथे पूर्ण सावली असते." लोक बसले. बसल्याबरोबर उठले. एक आजोबा चक्क ओरडले. साहेब घाम पुसत पुस्तक चाळायला लागले, जणू पानात कुठे सावली राहून गेली असेल.

तेव्हा मावशी उभी राहिली आणि चौकाच्या या टोकावरून हाक मारली, "अहो, इकडे या! इथे आता ऊन येत नाही."

पहिल्या आल्या त्या मुख्याध्यापिका बाई. "अगंबाई, तुम्ही! आणि हा कट्टा... हा तर मीच सांगितला होता तुम्हाला!"

"हो ना," मावशी म्हणाली. "सरकून बसा, मागच्यांना जागा होईल."

बाई बसल्या, वारा घेण्यासाठी पुस्तक उघडलं आणि थबकल्या. मग शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं, "'गुडघे साथ देत नसतानाही मी येथे अडतीस पायऱ्या मोजल्या.' हे कुणाचे गुडघे? माझे आहेत हे!" शेजारच्या आजोबांनी आपलं पान काढलं. "थांबा, ही खिडकी तर मी सांगितली होती. चहा पिताना." मग प्रत्येक जण आपापलं वाक्य शोधायला लागला. कट्ट्यावर नुसता कल्लोळ. एकेक करून वीसच्या वीस जण सावलीत आले, मेव्हणीसुद्धा. समोर पांढऱ्याफटक पायऱ्यांवर साहेब एकटे उभे होते. त्यांचं तोंड उतरलं होतं. मी डोळे भरून पाहिलं आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

मावशीनं वही काढली, उलटी केली, आणि त्या कट्ट्याच्या नोंदीपुढे, समासात जिथे सांगणाऱ्याचं नाव असतं तिथे, बाईंच्या नावाखाली लिहिलं, 'मी'.

शेवटी साहेब आलेच. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. कुणाच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "जरा सरकता का?"

मावशीनं पिशवीतून त्यांचं पुस्तक काढलं. पानापानावर लाल शाई. ते त्यांच्या हातात देऊन ती म्हणाली, "शुद्धलेखन बघून ठेवलंय, साहेब. पहिली चूक मुखपृष्ठावर आहे."

त्यांनी पुस्तक घेतलं. बसायला मात्र जागा नव्हती. तिथे मावशीची पिशवी होती, आणि ती तिनं उचलली नाही.