फ्रिजवरचा मिक्सर

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत तोक्योच्या हिगाशी-कसाई भागात आमच्यासारखी आयटीवाल्यांची कुटुंबं भराभर येत होती. नवरे सकाळी ट्रेन पकडत, बायका कचरा वेगळा करायला शिकत. मी पुण्याहून जपानी शिकून आलेली, त्यामुळे माझा तोरा निराळा! तिथल्याच एका छोट्या सल्लागार कंपनीत मला दुभाष्याचं काम मिळालं. आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना जपानने काय मदत द्यावी, हे ती मंडळी सरकारला सुचवत.

एकदा टांझानियाहून एक शास्त्रज्ञ आली, माझ्याच वयाची. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच्या रोगांवर तिचं काम. बैठकीत ती इंग्रजीत ठणकावून म्हणाली, "आणखी मशीन नको. आहेत तीच बंद पडलीत. ती चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाचा पगार द्या. नाहीतर माझी लॅब बंद होईल."

आता, देणाऱ्यापुढे असं बोलतात का? मलाच घाम फुटला. मी त्या वाक्यांना असं काही लोणी फासलं, की जपानीत निघालं ते हे: "आपण जे द्याल त्यात आम्हाला आनंद आहे. माणसांची जरा अडचण असते, इतकंच." साहेब खूश. समोरच्या माना हलताना पाहून तीही खूश. आणि सगळ्यांत खूश ही दीडशहाणी!

संध्याकाळी तिला घरी जेवायला आणलं. बेत अर्थात साबुदाण्याच्या खिचडीचा. मी खलबत्त्यात दाणे कुटत होते. तिने फ्रिजवरच्या, क्रोशाची टोपी घातलेल्या मिक्सरकडे बोट दाखवलं.

"मग तो कशाला?"

"पुण्याहून आणलाय. इथली वीज कमी दाबाची. नुसता घुरघुरतो."

ती खो-खो हसली. "माझ्या लॅबमध्ये असे कितीतरी आहेत, टोप्या घातलेले! म्हणून तर आज स्पष्ट बोलले. बरं झालं, सांगायला तू होतीस."

माझा बत्ता हवेतच राहिला. तेवढ्यात आमचे हे कौतुकाने म्हणाले, "हिचं जपानी एकदम पक्कं आहे हं!"

सकाळी साहेबांना खरं सांगायचं ठरवलं. नाही सांगितलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण खरं तर तो तोरा जाईल, ही जास्त.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "मशीन आलं."

"आणि माणूस?"

"नाही. लॅब बंद करतेय. एक विचारू? तू त्यांना नीट सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मग तुझे साहेबच बहिरे!" ती हसली. आणि मीही हसले, काय सांगू.

पुण्याला परतल्यावर मिक्सर पहिल्याच बटणाला सुरू झाला. हे म्हणाले, "बघ, बिचाऱ्यात काही बिघाड नव्हताच." मी तो बंद करून पुन्हा टोपी घातली.

"आजी, दाणे अजून हाताने का गं कुटतेस?" आता नात विचारते.

"चव चांगली येते," मी सांगते. तेही खोटंच.