च्युइंगमखालचा हात

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

मुरुडच्या आमच्या लॉजपुढची सिमेंटची वाट पाहुण्यांनी थुंकलेल्या च्युइंगमनं काळी पडली होती. आज ती साफ करायला सफाईवाला सुभाष गरम पाण्याचं प्रेशर मशीन घेऊन आला. वाफ उठत होती, डाग सुटत होते. अचानक त्यानं मशीन बंद केलं.

"काकी, हितं लहान पोराच्या हाताचा ठसा हाय."

तो हात शांतीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. साठ-एकसष्ट साल असेल. वडिलांनी ही वाट घातली आणि तिनं ओल्या सिमेंटवर पंजा दाबला, म्हणून मी तिला चापट मारली. त्याच आठवड्यात ती तापानं गेली. घरात पुन्हा कुणी त्या ठशाचं नाव काढलं नाही.

"अंगठ्यावरचं निघत न्हाय," सुभाष म्हणाला. "जोर वाढवला तर सिमेंट उडंल."

"राहू दे रे," म्हणत मी खाली बसले आणि ठशावर हात ठेवला.

पाण्यानं सिमेंट तापलं होतं. शेवटच्या दिवशी तिचा हात अस्साच भाजत होता.

तुम्ही लगेच हात काढून घेतला असता का? मला नाही जमलं.