युसूफचाचांच्या गाडीचा डबा

भूतखेत, करणी, अंगात येणं... या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयुष्य लेथ मशीनसमोर गेलं. पट्टा फिरला तर चाक फिरतं, पट्टा तुटला तर नाही, एवढंच आपल्याला कळतं. इथले बाकीचे अनुभव वाचून मी आतापर्यंत हसतच आलोय, तेव्हा मलाही हसा, माझी हरकत नाही. पण हे एकदा लिहून मोकळं व्हायचं आहे. डोक्यात बाळगून बाळगून कंटाळा आलाय.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी पत्र्याची शेड आहे. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या मशीनचे पार्ट बनवायचो. कापसाची ती वाईट वर्षं आठवत असतील तुम्हाला. जिल्ह्यातल्या जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या, आणि जिनिंग बंद म्हणजे माझा लेथ बंद. दीड-दोन वर्षं एकही ऑर्डर नाही. रिकामं बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा जुन्या मोटरसायकली दुरुस्त करायचा छंद वाढला. भंगारातून गाडी आणायची, सुटी करायची, घासायची, कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी उभी करायची. बायको म्हणायची, "घराचं छत गळून राह्यलं, अन् तुमचं भंगार पाहा कसं चमकून राह्यलं!" खरंच होतं ते. मी ऐकून घ्यायचो आणि पुन्हा पॉलिश पेपर हातात घ्यायचो.

एप्रिल संपता संपता दारव्ह्याहून एक बाई मेटाडोरमध्ये गाडी टाकून घेऊन आली. शबाना तिचं नाव. पस्तिशीची असेल, शिवणकाम करायची. गाडी साडेतीनशे सीसीची, उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. कोणती ते जाणकारांना कळलंच असेल. तिचे वडील युसूफचाचा दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. जिनिंग बंद पडली, मशीन कापून भंगारात गेल्या, जागा सपाट झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचांना लकवा मारला. वाचा गेली. डोळे उघडे, पण ओळख कोणालाच देत नव्हते. ही रोज घास भरवायची, तिलाही नाही.

"दादा," ती म्हणाली, "डॉक्टर म्हणते आता काही होत नाही. पण या गाडीवर अब्बाचा लय जीव होता. हिचा आवाज ऐकला तर एकदा तरी मले नावानं हाक मारतील का हो?"

गाडी चालू करून देतो म्हटलं, माणसाचं माझ्या हातात नाही.

इंजिन जाम होतं. उघडलं, पिस्टन सोडवला, सिलिंडर बोअर करून घेतला. टाकीवर नव्याने सोनेरी पट्टे ओढले. या गाडीला एक जुगाड होतं. एअर फिल्टरच्या तोंडावर पत्र्याचा एक डबा बसवलेला, आत बारीक जाळी, जाळीवर धोतराचा तुकडा. आमच्या भागात जिनिंगवाल्यांच्या गाड्यांना असलं काहीतरी असायचंच. हंगामात तिथल्या हवेत इतकी रुई उडते की साधा फिल्टर चार दिवसांत बुजतो. पण मी पडलो ओरिजिनलवाला. जुगाड दिसलं की माझे हात शिवशिवतात. डबा काढला, घासलेटने धुतला, कोपऱ्यात टाकला आणि कंपनीसारखा फिल्टर बसवला.

एका दुपारी किक मारली आणि गाडी चालू झाली. काय आवाज होता! इतक्या महिन्यांच्या मरगळीनंतर मला पहिल्यांदा बरं वाटलं. थोडा वेळ छान चालली, मग गुदमरली, काळा धूर ओकला आणि बंद. फिल्टर उघडला, तर आत रुई.

जुनी, मळकी, उंदरांनी कुरतडलेली असती तर मी विचारही केला नसता. ही पांढरीशुभ्र होती, लांब धाग्याची, नुकत्याच मशीनमधून निघालेल्या रुईसारखी. सरकीचा तो कच्चट वासही होता. माझं अर्धं आयुष्य त्या वासात गेलंय, मी चुकणार नाही. तरी म्हटलं, पाइपात राहिली असेल कुठेतरी. पाइप, कार्बोरेटर, सगळं हवेने फुंकून साफ केलं. पुन्हा तेच. फिल्टर बदलला. पुन्हा तेच. मे महिना सुरू झालेला, कापसाचं बोंड दिसत नाही कुठे. जवळपास जिनिंग नाही. माझ्या शेडमध्ये जिनिंगचा पार्ट आला त्याला दीड वर्ष झालेलं. शेवटी माझ्याकडची तशीच दुसरी गाडी तिच्या शेजारी उभी करून तेवढाच वेळ चालवून पाहिली. तिचा फिल्टर कोराच राहिला!

भीती वाटली का? नाही वाटली, खरं सांगतो. वैताग आला. घराचं छत गळकं, काम नाही, आणि ही गाडी माझी थट्टा करतेय. बाईला शब्द दिलेला. शेवटी कोपऱ्यातला डबा उचलला, नवं फडकं लावून जसा होता तसा बसवला. गाडी चालू केली. अर्धा तास एका लयीत चालली. डबा उघडून पाहिला, स्वच्छ रिकामा. मी कपाळावर हात मारला आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मीच ती दारव्ह्याला घेऊन गेलो. रस्त्यात कुठे अडली नाही. शबानाने चाचांची बाज दारात आणून ठेवलेली, पाठीला उशा लावून त्यांना बसवलेलं. मी गाडी त्यांच्या समोर उभी केली आणि चालूच ठेवली. चाचा समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. पापणीसुद्धा हलली नाही. शबाना त्यांच्या पायाशी बसून एकटक त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मला ते बघवेना. मी एक्सलेटर वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. काही नाही. शेवटी थकून गाडी बंद केली.

आवाज थांबला आणि चाचांनी मान वळवली. गाडीकडे नाही, लेकीकडे.

"शब्बो," ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण शब्द स्वच्छ. "डब्बा झाड ले, बेटा."

शबाना उठली, जशी काही रोजच उठते. नंतर तिने सांगितलं, लहानपणी अब्बा कामावरून आले, गाडी दारात बंद झाली, की डबा झाडायचं काम तिचं असायचं. हे ती मला आधी बोलली नव्हती. खिटी काढून तिने झाकण उघडलं. डबा गच्च भरलेला होता. पांढरीशुभ्र रुई, कडेपर्यंत दाबून बसलेली. काल माझ्या हाताने रिकामा पाहून बंद केलेला डबा!

ती रडत होती आणि हसतही होती. रुई गल्लीत न झाडता तिने ओढणीत घेतली आणि अब्बांच्या हातात दिली. जिनिंगमध्ये रुईची प्रत बघतात तसा त्यांनी चिमटीत धरून धागा ओढून पाहिला, मान डोलावली. त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत.

पोळ्याच्या आधी चाचा गेले. मातीला मी गेलो होतो. शेवटच्या आंघोळीनंतर अत्तर लावून ठेवायला कापूस लागतो. कोणीतरी मेडिकलमधून आणायला निघालं, तर शबानाने थांबवलं. पेटीतून ती रुई काढून दिली. म्हणाली, "जिंदगीभर याच्यातच राह्यले. बाजारचा कायले पाहिजे?"

गाडी आता तीच चालवते, वर्षातून एकदा माझ्याकडे सर्व्हिसिंगला आणते. मी आधी डबा उघडतो. रस्त्याची धूळ असते, कधी एखादा किडा असतो. रुईचा धागा नसतो. इतकी वर्षं झाली, पण ती कुठून आली ते मला अजून कळलेलं नाही. डबा मात्र मी पुन्हा काढला नाही.