खालच्या कप्प्यातलं खाणं

कवळीवालीचं लग्न झालं तेव्हा तिच्या बरोबरीच्या बायका स्वतःच्या मुलींसाठी स्थळं बघत होत्या. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची, म्हणून सगळे तिला कवळीवाली म्हणत. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की तिला आधी दात दिसायचे आणि मागाहून माणूस. ‘ह्यांच्या वरच्या दाढा माझ्या हातच्या,’ असं मनात म्हणून मग ती नमस्कार करायची.

नवरा बिजवर. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पहिल्या भेटीतच त्याने सांगून टाकलं, “घरात माझी आई आहे आणि एक टाकी आहे.”

“पाण्याची?”

“खाऱ्या पाण्याची. पोवळी आहेत त्यात, जिवंत. हिने हौसेनं ठेवली होती.” ‘हिने’ म्हणजे वारलेल्या पहिल्या बायकोने. “त्यांच्यासाठी तिने करून ठेवलेलं खाणं अजून फ्रीजरमध्ये आहे. ते संपेपर्यंत टाकी राहू दे. नवं करायचं नाही, विकतचं आणायचं नाही. ते संपलं की मी स्वतः टाकी देऊन टाकीन.”

लोक याहून वाईट अटी घालतात, असा विचार करून तिने होकार दिला. फ्रीजरचा कप्पा तो केवढा, त्यात मावून मावून किती मावणार!

तिच्याबरोबर तिचं एक लोखंडी कपाट आलं. स्वतःच्या कमाईचं, आरशाचं, दार लावताना घंटेसारखं वाजणारं. हॉलमध्ये ते मावेल अशी एकच भिंत होती आणि तिथे टाकी होती. त्यामुळे कपाट गॅलरीत, प्लॅस्टिकच्या कागदाखाली उभं राहिलं. “थोडे दिवस,” नवरा म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, “गॅलरीत उजेड बरा असतो हो, साड्या दिसतात.” सासूबाई सुनेला ‘अगं’ म्हणायच्या नाहीत की सूनबाई म्हणायच्या नाहीत. हवेकडे बघून बोलायच्या. ‘चहा झाला असेल तर घेईन.’ कवळीवालीने चहा आणला की त्यांचा थरथरता हात कपाला लागायचा आणि निम्मा चहा बशीत सांडायचा. त्यांची जुनी कवळी हिरडीला टोचते हे कवळीवालीला पहिल्याच जेवणात कळलं होतं. चावताना त्या जबडा एका बाजूला सरकवायच्या. “मी नवी करून देते,” ती म्हणाली, तर उत्तर आलं, “आहे ती बरी आहे. पहिलीने मला मऊ भात करून घातला, पण तोंडात बोटं नाही घातली.”

टाकीचं काम कवळीवालीच्या गळ्यात पडलं, कारण कोळंबीला नुसता हात लागला तरी नवऱ्याच्या अंगावर गांधी उठायच्या. मधल्या काळात त्याने रबरी हातमोजे घालून कसंबसं निभावलं होतं.

“बाकीच्यांची काळजी नको,” त्याने काचेवर बोट ठेवून दाखवलं. “त्यांचं निम्मं पोट उजेडावरच भरतं. पण हे नारिंगी आहे ना, सन कोरल, ह्याला उजेडाचा काडीचा उपयोग नाही. ह्याला भरवावं लागतं. प्रत्येक तोंड वेगळं. एका तोंडाला दिलं ते शेजारच्याला पुरेसं पोचत नाही.”

“म्हणजे एकत्र कुटुंब, पण ताटं वेगळी.”

नवरा हसला नाही. ही थट्टा त्याला रुचली नसावी, किंवा हा विनोद आधी कुणीतरी केला असावा.

फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात चपट्या पिशव्या एकावर एक रचलेल्या होत्या. कोळंबी, माकुळ, शिंपल्यांचं मांस आणि थोडी गाबोळी, म्हणजे माशांची अंडी. मीठ नाही, तेल नाही, शिजवणं नाही. सगळं सोलून, धुऊन, अगदी बारीक चिरून, पिशवीत पातळ थापलेलं. गोठण्याआधी पिशवीवरूनच सुरीच्या पाठीने तिरक्या रेघा ओढलेल्या, म्हणजे एक पट्टी मोडली की एका वेळचं खाणं. रेघा सगळ्या डावीकडे झुकलेल्या. पहिली डावखुरी होती.

संध्याकाळी, घरातले दिवे लावायच्या वेळी भरवायचं. पट्टी टाकीतल्याच पाण्यात वितळवायची. मग गाळणीतून धुऊन घ्यायची, नाहीतर तो गढूळ रस पाणी नासवतो. रसाचे चार थेंब मात्र राखून ठेवायचे. पाणी फिरवणारा पंप बंद करायचा आणि ते थेंब सोडायचे. वास लागला की मिटलेले नारिंगी गोळे हळूहळू फुगतात, प्रत्येकातून पिवळ्या बोटांचं कडं बाहेर येतं आणि मधोमध एक फट उघडते. मग लांब ड्रॉपरने एकेका फटीत एकेक कण. टाकीत एक चोरटी कोळंबी होती. ती तोंडातला घास ओढून न्यायची, म्हणून बाटली अर्धी कापून सन कोरलवर पालथी घालायची आणि तिच्या गळ्यातून ड्रॉपर आत सोडायचा.

कवळीवालीचे हात या कामाला सरावलेलेच होते. पण बिनदातांची इतकी तोंडं एकदम आपल्याकडे वळलेली तिने कधी पाहिली नव्हती. लॅबमधले जबडे प्लास्टरचे असत. ते वाट बघत नसत.

सुरुवातीला ती सांगितल्याप्रमाणे एकच पट्टी द्यायची. गॅलरीतल्या कपाटाला खालून गंज चढायला लागला तेव्हा ती दोन देऊ लागली. लवकर संपेल तेवढं बरं. काचेवर हिरवा थर धरू लागला. नवरा दुकानातून आला की काचेला नाक लावून बघायचा.

“जास्त होतंय का ग खाणं?”

“पोटं मोठी झालीत त्यांची,” ती म्हणाली. आणि ते खोटंही नव्हतं. सन कोरलच्या बुडाशी मोहरीएवढी नवी तोंडं फुटली होती.

पण कप्प्यातल्या पिशव्या तेवढ्याच दिसत होत्या. आधी तिला वाटलं, आपली नजर. मग तिने एक पिशवी हाती घेतली आणि लॅबमधल्या सवयीने उजेडात धरली. इतके महिने गोठलेल्या मांसाच्या कडा पांढऱ्या, कोरड्या पडतात. तिच्या माहेरच्या फ्रीजमध्ये तिने हे कितीदा पाहिलं होतं. ह्या पिशवीच्या कडा ओल्या गुलाबी होत्या. आज सकाळी चिरल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी तिने वरच्या दोन पिशव्या डब्याच्या पिशवीत घातल्या आणि लॅबच्या मागच्या कचऱ्यात टाकून दिल्या.  संध्याकाळी घरी येऊन कप्पा ओढला तर रास कालच्याएवढीच. सगळ्यात वरच्या पिशवीवर तिरक्या रेघा, डावीकडे झुकलेल्या. अजून नीटशा गोठल्याही नव्हत्या, बोटाखाली दबल्या.

तिने शेजारच्या टेबलावर कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या मावशींना सांगितलं. मावशींनी मशीन थांबवलं नाही.

“भूत? अगं, बाई मेल्यावर तरी स्वयंपाकघरातून सुटत असेल ना! का तिथे जाऊन पण कोळंबीच सोलत बसायचं?”

“मग कोण करतं?”

“घरात माणसं किती? तू, नवरा, सासू. तू नाहीस ना? मग दोघांपैकी एक. सोप्पं गणित.”

गणित सोपं होतं, पण जुळत नव्हतं. नवऱ्याला कोळंबीचा स्पर्श चालत नव्हता, आणि रबरी हातमोजे घालून इतकं बारीक चिरणं जमणारं नव्हतं. सासूबाईंना कप धरता येत नव्हता, तर सुरी काय धरणार? आणि ती तर दिवसभर लॅबमध्ये असायची. तरी तिने ठरवलं, समोरासमोर विचारायचं. कप्पा भरत राहिला तर टाकी जाणार नव्हती, आणि टाकी असेपर्यंत ह्या घरात ती गॅलरीतच राहणार होती, कपाटासकट.

संध्याकाळची वेळ होती. नवरा नुकताच आला होता, सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. तिने पंप बंद केला, थेंब सोडले आणि टाकीकडे पाठ करून म्हणाली, “मला एक विचारायचंय. खालच्या कप्प्याबद्दल.”

नवऱ्याने चष्मा काढला. “अखेर काढलास विषय. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं.”

“कशाबद्दल?”

“अगं, मला कळत नाही का? मीच म्हणालो होतो नवं करायचं नाही. तोंडानं म्हणालो खरं, पण टाकी द्यायला मन धजत नव्हतं. ते तू ओळखलंस. एका शब्दानं बोलली नाहीस, मुकाट्यानं करत राहिलीस. रेघासुद्धा तिच्यासारख्याच ओढतेस.” त्याने सदऱ्याचं टोक हातात घेतलं. “दुकानातून आलो की मी आधी कप्पा उघडून बघतो. लाज वाटते सांगायला. बघितलं की बरं वाटतं.”

कवळीवालीने हातातला ड्रॉपर खाली ठेवला.

“मला तर केव्हाचंच माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “दुपारी आडवी असते ना मी. स्वयंपाकघरातून आवाज येतो. टक टक टक टक, सुरीचा. मग नळ. मग कप्प्याचं दार. माझी झोपमोड करत नाही, म्हणून मनात म्हटलं होतं, बाई गुणाची आहे. जेवायच्या सुट्टीत एवढ्या लांबून येते, काम करते, न सांगता जाते.”

दुपारी ती कधीच घरी आली नव्हती. एकदाही नाही. ती हे सांगणार होती, शब्द जिभेवर आलेही होते. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. हवेकडे नाही, तिच्याकडे. नवरा चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत होता आणि त्याचे डोळे ओले होते. ‘मी नाही’ म्हटलं असतं तर ह्या दोघांच्या हातात काय उरलं असतं? आणि तिच्या?

मागे टाकीत पाणी स्तब्ध होतं. मान जराशी वळवली तेव्हा काचेआड तिला नारिंगी गोळे फुगताना दिसले.

“हो,” ती म्हणाली. “मीच.”

“तरीच,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी तोंडात बोट घालून कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने, पहिल्यांदाच, म्हणाल्या, “सूनबाई, ही डाव्या बाजूला फार टोचते ग. बघतेस का एकदा?”

रविवारी नवरा दुकानात गेल्यावर कवळीवालीने लॅबमधून आणलेली, ठसा घ्यायची गुलाबी पावडर आणि साचे काढले. उजेड हॉलमध्ये बरा होता, म्हणून सासूबाईंना टाकीजवळ बसवलं. पाणी घालून लगदा कालवला. तो पटकन घट्ट होतो, त्यामुळे घाई करावी लागते.

“आ करा. अजून मोठा. नाकानं श्वास घ्या.”

सासूबाईंनी आ केला. साचा हिरडीवर दाबून धरताना कवळीवालीची नजर सहज टाकीकडे गेली. भर दुपार होती. खाण्याची वेळ नव्हती, रसाचा थेंब सोडलेला नव्हता, पंप चालू होता. सन कोरलची सगळी तोंडं उघडी होती. अगदी बुडाशी फुटलेली मोहरीएवढीसुद्धा. सासूबाईंकडे नाही, तिच्याकडेही नाही. वळली होती ती स्वयंपाकघराच्या दाराकडे.

तिने मान वळवली नाही. लगदा घट्ट होईपर्यंत साचा हलवायचा नसतो. हलला तर ठसा बिघडतो आणि कवळी जन्मभर टोचते. ती सासूबाईंच्या हिरडीवर अंगठा दाबून तशीच उभी राहिली. स्वयंपाकघरात नळ सुटला आणि बंद झाला. कप्प्याचं दार लागलं. सासूबाई तोंड भरलेलं असतानाच डोळ्यांनी हसल्या. आपली सून इथे समोर उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. किंवा आलंही असेल.

हो म्हटल्यावर करणंही भाग होतं. निदान एकदा तरी आपल्या हातचं असू दे, मग खोटं तेवढं खोटं राहणार नाही. दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून येताना बाजारातून कोळंबी, माकुळ, शिंपले घेऊन आली. सोललं, धुतलं, चिरलं. कवळीच्या कडा घासणाऱ्या हाताला ते जमायला वेळ लागला नाही. पिशवीत पातळ थापलं आणि सुरीच्या पाठीने रेघा ओढल्या. तिने पुष्कळ प्रयत्न केला, पण उजव्या हाताच्या रेघा उजवीकडेच झुकल्या. पहिलीच्या पिशव्यांवर ती ठेवताना एवढ्या ढिगात ही एकच परकी दिसत होती. तिने ती मुद्दाम सगळ्यात वर ठेवली. आहे हे असं आहे.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी खाणं काढायला तिने कप्पा ओढला. तिची पिशवी वरच होती. उजवीकडे झुकलेल्या तिच्या रेघाही तशाच होत्या. पण त्यांच्यावरून, त्यांना छेद देत, दुसऱ्या रेघा ओढलेल्या होत्या. डावीकडे झुकलेल्या, एकसारख्या अंतराच्या, सराईत. पट्ट्यांच्या जागी आता पत्त्यांतल्या चौकटीसारखे तुकडे पडले होते. एका वेळच्या खाण्याला पट्टीपेक्षा हे सोयीचं होतं, हे तिलाही मान्य करावं लागलं.

फ्रीजरचा गारठा पायांवर येत होता. आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली, “सूनबाई, झालं का त्यांचं?”

“होतंय,” ती म्हणाली.

तिने एक चौकट मोडली, टाकीच्या पाण्यात वितळवली, गाळणीतून धुतली, चार थेंब राखले. पंप बंद केला. तोंडं आधीच उघडी होती, थेंब सोडायची गरज पडली नाही. बाटली पालथी घालून तिने एकेका तोंडात एकेक कण दिला, आणि एकेक तोंड तो आत घेऊन मिटलं.

कपाट अजून गॅलरीतच आहे. खालचा गंज खरवडून तिने त्याला नवा रंग दिला आहे. टाकी देण्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. सासूबाई नव्या कवळीने भाकरीची कड चावतात. आणि कवळीवाली बाजारात गेली की कोळंबी थोडी जास्तच घेते, दोघींच्या हाताला पुरेल एवढी.