हौद्यातल्या दोन सायकली

रविवारी सकाळी मी पिकअप धुवायचो. आठवड्याचे सहा दिवस तिच्या हौद्यात पाण्याचे निळे जार असायचे. अंधेरी-सांताक्रूझच्या ऑफिसांत ते पोचवणं हाच माझा धंदा. रविवारी मात्र जार नसायचे. धुतलेल्या हौद्यात मी जुनी गोधडी अंथरायचो, तिच्यावर दोन सायकली एकमेकींना टेकवून उभ्या करायचो आणि दोरीने करकचून बांधायचो. एक माझी, एक मुलीची.

आमचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती. फार तमाशा झाला नाही. मुलगी आईबरोबर बोरिवलीला गेली आणि मी वाकोल्यातच राहिलो, वडिलांनी गिरणीत असताना घेतलेल्या दोन खोल्यांत. रविवारची सकाळ माझी, असं ठरलं. पहिले काही रविवार आम्ही मॉलमध्ये काढले. समोरासमोर बसून पिझ्झा खाताना मी विचारायचो, "अजून काय?" ती म्हणायची, "काय नाय." मग दोघंही सरकत्या जिन्यावरची माणसं बघत बसायचो. त्याला कंटाळून मी तिला सायकल घेतली, पुढे पुरावी म्हणून जरा मोठीच.

पण सायकल ठेवायची कुठे? बोरिवलीची त्यांची बिल्डिंग बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि खाली कंपाउंडमध्ये भाडेकरूंना सायकल लावायला सोसायटीची मनाई. म्हणून सायकल माझ्याकडेच राहिली. दर रविवारी वाकोल्याहून दोन सायकली घेऊन मी बोरिवलीला जायचो. तिची आई तिला गेटपर्यंत आणून सोडायची. "साडेअकराला आण," एवढंच म्हणायची. मी "हो" म्हणायचो. आठवडाभरात आमच्यात झालेलं बोलणं ते तेवढंच.

तिथून आम्ही मढला जायचो. रविवारी सकाळी लवकर तो रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. एखाद्या बंगल्याबाहेर शूटिंगच्या व्हॅन लागलेल्या असायच्या, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा. गाडी एका झाडाखाली लावायची, सायकली उतरवायच्या आणि जेट्टीपर्यंत जायचं. दोन रविवारांत ती शिकली. तिसऱ्या रविवारी मीच तिच्या मागे धापा टाकत होतो.

एकदा येताना दोरी तुटली. स्पीडब्रेकरवर तिची सायकल घसरली आणि मागच्या फाळक्यावर आपटली. ब्रेकची दांडी वाकली. ती इतकी रडली, की मला समजावताच येईना. पुढच्या रविवारी जेट्टीवरून परतल्यावर ती पुढे बसायलाच तयार होईना.

"मी मागे बसते. सायकली धरून."

"वेडी आहेस का? पोलीस पकडेल."

"इथे कुठेय पोलीस? हळू चालव ना तू."

शेवटी मी ऐकलं. मढपासून मार्वेपर्यंत ती हौद्यात, गोधडीवर, केबिनला पाठ टेकून बसली. दोन हात दोन सायकलींवर. मी विसाच्या स्पीडने गाडी चालवत होतो आणि रस्त्यापेक्षा जास्त मागच्या काचेतून तिच्या दोन वेण्या बघत होतो. मग ते दर रविवारचंच झालं. काही बोलायचं असेल तर ती काच ठोकायची. एकदा ठोकलं की हळू, दोनदा ठोकलं की थांब. दोनदा ठोकून तिने मला एकदा नुसता बगळा दाखवला होता. मार्वेला ती पुन्हा पुढे येऊन बसायची. तिच्या आईला हे मी कधी सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नसावं. आमच्या दोघांचं म्हणावं असं तेवढं एकच गुपित होतं.

बारा वर्षांची झाल्यावर ती मागे बसेनाशी झाली. पुढे बसून कानात इअरफोन घालायची. मग रविवारी क्लासच्या टेस्ट सुरू झाल्या. महिन्याचे चार रविवार होते, त्यांचे दोन झाले. मी तरी दर रविवारी हौदा धुवायचोच.

ती चौदाची झाली त्या वर्षी, होळीनंतरच्या एका रविवारी ती एकटीच खाली आली. केस विंचरलेले नव्हते, अंगात घरातलेच कपडे.

"पप्पा, आज नको ना. मैत्रिणी येतायत."

"बरं. पुढच्या रविवारी?"

ती हौद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एक बोलू? रागावणार नाहीस ना?"

"बोल ना."

"माझी सायकल इथेच ठेवू या? क्लासला सगळ्या सायकलने जातात. मी एकटीच रिक्षाने."

"आणि सोसायटी?"

"कमिटी बदलली. आता सगळ्यांच्या असतात खाली."

"कधीपासून?"

ती नखाने गाडीचा रंग खरवडू लागली. "दिवाळीपासून."

दिवाळीपासून होळीपर्यंत ती एकटी रिक्षाने जात राहिली होती. मला वाईट वाटेल म्हणून. चौदा वर्षांच्या पोरीने बापाला असं सांभाळावं, याची मला लाज वाटली. राग कसला येणार!

मी फाळका पाडला, तिची सायकल खाली घेतली. पान्याने सीट दोन बोटं वर केली. तिने कंपाउंडमध्ये एक चक्कर मारली आणि म्हणाली, "झकास!" तेवढ्यात तिची आई खाली आली. सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"चहा घेणार?" तिने विचारलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच.

"नको, गाडी आडवी लागलीय," मी म्हणालो. गाडी कुणालाच आडवी नव्हती. का तसं म्हणालो, मला अजून कळलेलं नाही.

घरी जायचं सोडून मी मढलाच गेलो. एकटी सायकल हौद्यात उभी राहीना, म्हणून आडवी टाकली होती. झाडाखाली सुकी मच्छी विकणारी मावशी बसते, तिने विचारलं, "आज पोरगी नाय?"

"परीक्षा आहे तिची."

"शिकू दे, शिकू दे," ती म्हणाली.

जेट्टीवर जाऊन बसलो. वर्सोव्याहून बोट आली, माणसं आणि स्कूटर उतरवून परत गेली. तशा तीन बोटी मी बघितल्या. साडेअकरा वाजून गेले तरी उठलो नाही. कुणाला पोचवायचं नव्हतं.

हल्ली आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी जेवायला भेटतो. माझी सायकल मी पोटमाळ्यावर टाकली आहे.

गेल्या महिन्यात एका दुपारी अंधेरीच्या एका ऑफिसचा जिना चढत होतो. फोन वाजला. तिचा. जार पायरीवर ठेवून मी घाईने घेतला.

"पप्पा, चेन पडली. लवकर सांग काय करू, क्लासला उशीर होतोय."

"कुठे आहेस? येऊ मी?"

"येऊ नको रे, नुसतं सांग."

मी सांगितलं. आधी मागच्या दात्यांवर चेन बसव. मग पुढच्या चक्राच्या वरच्या दात्यांत अडकव. कुणाला तरी मागचं चाक उचलायला सांग आणि पेडल हळू पुढे फिरव. फोनमधून रस्त्याचा आवाज येत होता, दोन-तीन मुली हसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "ईऽ, हात बघ तुझे." मग तीच ओरडली, "बसली! बाय पप्पा." आणि फोन कट झाला.

मी तिथेच पायरीवर बसलो. वरून ऑफिसचा शिपाई ओरडला, "पाणी आलं का रे?"

"आलं," मी म्हणालो आणि जार खांद्यावर घेतला.