ताकाच्या वाटीवर चालणारा लॅपटॉप

आमच्या घरातला लॅपटॉप सुरू करायला तीन माणसं आणि एक ताकाची वाटी लागायची. खोटं वाटत असेल तर भवानी पेठेत येऊन कुणालाही विचारा. अख्ख्या गल्लीनं आमच्या दारात उभं राहून ते बघितलंय.

आमचे हे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात डिझाईन मास्टर होते. चादरीवर जे फूल उमटतं ते आधी चौकटीच्या कागदावर काढावं लागतं, एकेक चौकोन रंगवून. तीसेक वर्षं यांनी तेच केलं. रिटायर झाल्यावर मुलानं आपला वापरलेला लॅपटॉप यांना दिला आणि दोन वर्षं मान मोडून यांनी सगळी डिझाईनं त्यात चढवली. मग एक दिवस मोठ्या ऐटीत म्हणाले, आता सगळं ह्यात आहे, कागदांची गरज नाही. मी वाटच बघत होते. डाळीचे डबे ठेवायला कपाटात जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी कागद रद्दीत गेले. महिन्याभरानं कोपऱ्यावरून शेंगाचटणी आणली, तर ती यांच्याच कमळाच्या डिझाईनमध्ये बांधलेली. तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो.

म्हणून लॅपटॉप बिघडला तेव्हा माझं हसू पळालं. यांची सगळी उमेद त्या एका डब्यात, आणि कागद रद्दीत घालणारी मी.

बिघडला म्हणजे कसा, तर बटण दाबलं की पीं पीं पीं करून बोंबलायचा आणि एक निळं पान यायचं, सगळं इंग्रजीत. त्याच्या पुढं काही नाही. हे दुखणं दसऱ्यानंतर लागलं. त्या दसऱ्याला मी घरात नव्हते. केमला माझ्या बहिणीचं ऑपरेशन झालं होतं, पंधरा दिवस तिच्याकडं होते. परत आले तर हे त्या निळ्या पानासमोर बसलेले, शर्टाचं वरचं बटण उघडं, पुढ्यात चहा सांडलेला. मी आधी चहावरून बोलले. हल्ली रोजच सांडायचे आणि रोजच माझी बोलणी खायचे.

पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, बंद करून परत चालू करा. केलं. बॅटरी काढून परत बसवा. तेही केलं. मग म्हणाला, दुकानात न्या. दुकान म्हटलं की यांच्या अंगावर काटा यायचा. समोरच्या वहिनींच्या लेकीच्या लग्नाचे फोटो कुठल्याशा दुकानात असेच 'फॉरमॅट' होऊन गेले होते. तेव्हापासून हा शब्द आमच्या गल्लीत कुणी मेल्यासारखा उच्चारतात. दुकानात पुसला जाण्यापेक्षा घरात बंद पडलेला बरा, असं यांचं म्हणणं.

मग घरगुती उपाय सुरू झाले. उष्णता असेल म्हणून माठाशेजारी ठेवला. सर्दी असेल म्हणून गच्चीत उन्हात ठेवला. मी गुपचूप मीठमोहऱ्यांनी दृष्टही काढली, पण लांबून. कारण लॅपटॉप घरी आला त्या पहिल्या खंडेनवमीला मी एकदा मार खाता खाता वाचले होते. खंडेनवमीला आमच्याकडं माग बंद ठेवून हत्यारांची पूजा करतात. कारखान्यात यांच्या पट्टी-पेन्सिलीला दरवर्षी हळदकुंकू लागायचं. म्हटलं, आता हेच यांचं हत्यार, म्हणून मी लॅपटॉपवर अक्षता वाहायला हात उचलला, तर हे केवढ्यांदा ओरडले. "अगं, आत तांदूळ गेला तर कुणाकडं न्यायचं?" तेव्हापासून मी नुसतं त्याच्या पिशवीला कुंकू लावते. देवाधर्माचं यांना पहिल्यापासूनच वावडं.

तर एक दिवस वैतागून यांनी लॅपटॉप उघडा धरून पालथा केला आणि सतरंजी झटकतात तसा झटकला. त्याच वेळी समोरच्या वहिनी ताकाची वाटी घेऊन दारात आल्या. वहिनी त्यांच्या घरात तेलुगू बोलतात, मला 'वदिना' म्हणतात, म्हणजे वहिनीच. दोघी एकमेकींच्या वहिनी. यांनी लॅपटॉप सरळ केला आणि मला म्हणाले, तू दाब. मी दाबलं. पीं नाही, निळं पान नाही, थेट आमच्या नातीचा फोटो!

आता कशानं सुरू झाला ते कुणालाच कळलं नाही. अशा वेळी शहाणा माणूस काहीच गाळत नाही. दुसऱ्या दिवशी परत तसंच केलं. हे पालथा धरून हलवणार, वहिनी ताक घेऊन उंबऱ्यात उभ्या, बटण मी दाबणार. सुरू झाला. एकदा वहिनींनी ताकाऐवजी वांग्याची भाजी आणली, तर नाही झाला. एकदा रिकामी वाटी आणली, तेव्हाही नाही. ताक संपलं तर कढी चालेल का, यावर आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. हे म्हणाले, कढीत हळद असते.

मी एकदा विचारलंही, बटण मीच का दाबायचं? तुम्ही समोरच बसलेले असता की. तर म्हणाले, तुझ्या हाताला गुण आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्या हाताला गुण असल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते. मी फुशारून गेले. चार बायकांत सांगितलं.

वहिनींचा भाव तर लईच वाढला. चार दिवस लेकीकडं गेल्या तर व्हिडिओ कॉलवर तिच्या दारात वाटी धरून उभ्या राहिल्या. आणि सुरू झाला, बघा! त्यांच्या जावयानं विचारलं असणार, आई हे काय चाललंय. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला अजून माहीत नाही.

मुलगा फोनवर कपाळ बडवून घेत होता. म्हणत होता, चालू झाला की आधी सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. पेनड्राइव्ह आणलाही होता, पण रोज सुरू होतोय म्हटल्यावर कशाला घाई. मग एका सोमवारी पालथा धरला, हलवला, वहिनी ताकासकट उभ्या, मी दाबलं, आणि पीं पीं पीं. परत. परत. तासभर वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. शेवटी त्यांनी ताक तिथंच पिऊन टाकलं आणि रिकामी वाटी घेऊन घरी गेल्या.

हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी डोळ्याला डोळा न भिडवता म्हणाले, "ते कागद गेले नसते तर बरं झालं असतं." मला चिडताही येईना. मीच लॅपटॉप चादरीत गुंडाळला आणि यांना रिक्षात घालून नव्या पेठेत दुरुस्तीच्या दुकानात नेलं.

दुकान एका चष्मेवाल्या बाईंचं होतं. त्यांनी हात पुढं केला, पण हे गाठोडं सोडीनात. आधी वचन घेतलं, तो शब्द उच्चारायचा नाही. त्या म्हणाल्या, नाही उच्चारत. मग त्यांनी बटण दाबलं, निळं पान बघितलं, एका चपट्या हत्यारानं वरच्या रांगेतलं एक बटण अलगद उचकटलं आणि भिंगातून आत बघत राहिल्या.

"काकू," त्या म्हणाल्या, "ह्याचं लग्न लावलं होतं का?"

पांढऱ्या कागदावर त्यांनी चिमट्यानं एकेक दाणा काढून ठेवला. सात दाणे. कुंकवात भिजवलेले, लाल. अक्षता. त्यातला एक त्या बटणाच्या कडेला अडकून बसला होता, त्यामुळं ते बटण सारखं दाबलेलं राहायचं, आणि ते दाबलेलं असलं की लॅपटॉप निळं पान उघडतो. पालथा करून हलवला की दाणा कधी सरकायचा, कधी नाही. ताकाचा काही संबंध नव्हता.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. बाई माणूस, कपाळाला कुंकू, दुसरं कुणाकडं बघणार? मी भडकले. मी म्हटलं मी केमला होते, वाटल्यास माझ्या बहिणीला फोन लावा, आणि ह्या घरात लॅपटॉपवर अक्षता वाहायची बंदी आहे, ती ज्यांनी घातली ते हे बसलेत, विचारा त्यांना. आणि विजयी मुद्रेनं यांच्याकडं वळले.

हे समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"खंडेनवमीला तू नव्हतीस. एकच वाहायची होती, कडेला," म्हणाले. "हात थांबंना. सगळ्याच सांडल्या."

तेव्हा मी त्यांच्या हाताकडं बघितलं. उजवा हात मांडीवर होता आणि डाव्यानं तो दाबून धरलेला. तरी हलत होता. रोजचा सांडलेला चहा, शर्टाचं उघडं बटण, तू दाब, तुझ्या हाताला गुण आहे. सगळं एकदम समोर आलं. किती महिने लपवलं होतं ह्या माणसानं, आणि मी चहाच्या डागावरून तोंड सोडत होते. मला माझ्या तोंडाचा इतका राग आला की दुकानातच रडू फुटलं. बाई बिचाऱ्या घाबरल्या. त्यांना वाटलं मी लॅपटॉपसाठी रडतेय. म्हणाल्या, काकू, सगळं सुखरूप हाय, काही गेलं न्हाय.

सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. तिथूनच डॉक्टरकडं गेलो. गोळ्या सुरू आहेत, हात थोडा कमी हलतो, पण माऊस धरवत नाही. म्हणून आता माऊस मी धरते आणि हे शेजारी बसून सांगतात, डावीकडचा चौकोन निळा, त्याच्या खालचा पांढरा. मी चुकते, ते ओरडतात, मी त्याहून मोठ्यानं ओरडते. एक वेल सहा महिने चालू आहे. वहिनी अजून ताक घेऊन येतात आणि फोटो दिसेपर्यंत उंबऱ्यात उभ्या राहतात. गरज नाही म्हणून त्यांना कोण सांगणार?

यंदा खंडेनवमीला मी ताट घेऊन आले तर यांनी घाईघाईनं लॅपटॉप मिटला. मी तो बाजूला सारला. यांचा उजवा हात ओढून पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं आणि मूठभर अक्षता वाहिल्या. हात हलत होता, दाणे इकडंतिकडं उडत होते. यांनी डाव्या हातानं पाटावरचा एक दाणा उचलला.

मग म्हणाले, "आत तांदूळ गेला तर कुणाकडं न्यायचं?"